चामड्याआडची मूठ

ज्या दिवशी ठिणगीने काकांचे दात पाडले, त्या दिवशी फाउंड्रीत दोनदा मोजा फिरला. असं आधी कधी झालं नव्हतं.

मोजा फिरणं म्हणजे काय ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढची नुसती मारामारी वाटेल. फाउंड्रीत कुणी भाजला, कुणाचा पाय मोडला, कुणी सरळ मेला, की दुपारी पाळी बदलताना त्या माणसाचा भट्टीवरचा हातमोजा बाहेर काढायचा. जाड चामड्याचा, कोपरापर्यंत येणारा. जाणारे आणि येणारे असे सगळे तेवढी दहा मिनिटं एकत्र सापडतात. सगळ्यात जुना कामगार मोजा खालून तळहातावर तोलून धरतो. बाकीचे रांगेने येतात, आपली मूठ कोपरापर्यंत आत घालतात, आणि मोकळा हात बाहेर काढून चालू लागतात. आत मूठ उघडली की नाही, उघडली तर काय पडलं, ते कुणी बघायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. ज्याच्या घरी आठवडाभर चूल पेटायची मारामार, तोही मूठ वळून येतो, रिकामी मूठ आत घालतो आणि ताठ मानेने बाहेर पडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही बाकीच्या जगात म्हण असेल. इथे तो कायदा होता.

तीस वर्षं मोजा काकांनीच धरला. काका वाळूच्या चक्कीवर. लोखंड ओतायच्या साच्याची वाळू किती ओली असावी हे ठरवायला फाउंड्रीत यंत्र आणलं होतं, पण ते यंत्र काकांना विचारून चालायचं. चिमूटभर वाळू तळहातावर घ्यायची, दाबायची, सोडायची, आणि म्हणायचं, ‘अर्धी बादली पाणी अजून.’ वाळू कमी ओली राहिली तर साचा ढासळतो, जास्त झाली तर वाफ होऊन तापलं लोखंड तोंडावर उडतं. काकांच्या तळहाताने तीस वर्षांत किती तोंडं वाचवली याचा हिशेब कुणी केला नाही.

असा तळहात. त्यावर मोजा. आत मूठ उघडली की चामड्यातून कळणार नाही असं होईल का?

कळत होतं. काकांना प्रत्येकाचं कळत होतं. तीस वर्षांत ते एका शब्दाने बोलले नव्हते, आणि म्हणूनच मोजा भरत होता.

आता ठिणगी. ग्राइंडरवर कास्टिंगची, म्हणजे साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाची, धार घासायचं त्याचं काम. दिवसभर अंगावर ठिणग्या, दाढीला जळकट वास, आणि जिभेलाही तीच सवय, म्हणून नाव पडलं ते पडलं. फाउंड्रीत दोन युनियन होत्या, दोन पक्षांच्या. निवडणुकीच्या निशाण्यांवरून एकांना शिडीवाले म्हणत, दुसऱ्यांना किल्लीवाले. ठिणगी शिडीवाल्यांचा पुढारी. शिडीवाल्यांचं म्हणणं असं की कामगार भाजला तर मालकाने द्यावं, सरकारने द्यावं, कायद्याने द्यावं. गरिबाने गरिबाचा खिसा चाचपत का बसावं? किल्लीवाले म्हणायचे, सरकारचं येईल तेव्हा येईल, शेजारी जळतोय तर आधी आपल्या घागरीतलं पाणी ओता. दोन्ही म्हणण्यांत दम होता. दम असलेली दोन म्हणणी एका छपराखाली आली की माणसं एकमेकांना चोर म्हणू लागतात, तसंच झालं.

ठिणगी नुसता बोलघेवडा नव्हता, हेही सांगायला हवं. त्याने संप केले होते, लाठ्या खाल्ल्या होत्या, दोनदा कोठडीत झोपला होता. एका भाजलेल्याच्या विधवेला त्याने कंपनीच्या नरड्यावर पाय देऊन भरपाई मिळवून दिली होती. फक्त ती मिळायला चौदा महिने लागले, आणि चौदा महिने ती बाई मोज्यावर जगली.

त्या मोज्यात ठिणगीची मूठ रिकामी गेली होती. त्याच नव्हे, आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या मोज्यांत. अकरा वर्षं. पहिल्या वेळी खरोखर तत्त्व होतं: भिकेने मालकाचं फावतं, आपण देणार नाही. दुसऱ्या वेळी घरात अडचण होती आणि तत्त्व आयतंच हाताशी होतं. पुढे अडचण गेली, तत्त्व राहिलं. फुकटचं तत्त्व उबदार असतं, अंगावरून काढवत नाही. पण ‘मी देत नाही’ असं चारचौघांत म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो रांगेत उभा राहायचा, मूठ वळायचा, आत घालायचा. काका प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. एवढंच. ते एवढंच त्याला ग्राइंडरच्या चाकासारखं लागायचं.

मंगळवारी कुणीतरी हजेरीच्या यंत्राशेजारी वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटवला. कुठल्याशा पाहणीत म्हणे असं निघालं होतं की किल्लीला मत देणारे दानधर्मात सढळ आणि शिडीला मत देणारे हात आखडते. पाहणी कुणी केली, कुणाच्या पैशाने केली, देव जाणे. झालं. किल्लीवाल्यांना उकळ्या फुटल्या. त्यांचा पुढारी पैलवान, भट्टीच्या टोळीचा म्होरक्या, ज्याचे दंड इतरांच्या मांड्यांएवढे, तो प्रत्येक शिडीवाल्याला थांबवून तो तुकडा वाचून दाखवू लागला. काहींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ठिणगी आला तेव्हा पैलवान म्हणाला, वाच, तुझीच जन्मपत्रिका छापून आलीय.

लोक हसले. ठिणगीला हसलेलं सोसत नसे. तो म्हणाला, कागदाचं काय सांगतोस, काकांना विचार. कोणाची मूठ भरलेली आणि कोणाची पोकळ हे त्यांना चामड्यावरून कळतं. हिंमत असेल तर विचार.

का म्हणाला? कारण काका सांगणार नाहीत याची त्याला खात्री होती. दुसऱ्याच्या मौनावर भिंत बांधून तिच्यावर उभं राहून ओरडायचं, हे पुढाऱ्यांना चांगलं जमतं. पण त्याने एक सत्यानाश करून ठेवला. काकांना कळतं हे तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळ्यांनी वळून काकांकडे पाहिलं. काका वाळूत पाणी शिंपडत होते. त्यांनी ‘छे, मला काय कळतंय’ असं म्हणायला हवं होतं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. ते गप्प राहिले, आणि ज्याला कळायचं त्याला कळलं.

गुरुवारी सकाळी साखळी सुटली. वितळलेल्या लोखंडाची बादली कलली आणि ठिणगीच्या धाकट्या भावाच्या उजव्या हातावर आणि बरगड्यांवर लोखंड आलं. धाकटा पैलवानच्या टोळीत होता. पेटत्या शर्टातून त्याला पैलवाननेच ओढून काढलं, आणि त्यात स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या. धाकट्याच्या हातात मोजा नव्हता. घाम फार येतो म्हणून त्याने तो काढून खुंटीला लावला होता. तेवढ्याचं निमित्त करून कंपनीने हात वर केले: नियम मोडला, भरपाई नाही, दवाखान्याचा खर्च नाही. डॉक्टर म्हणाला, शनिवारी सकाळपर्यंत ऑपरेशन झालं तर हात वाचेल, मांडीची कातडी तिथे लावू. नाहीतर कोपराच्या वर कापावा लागेल. आणि पैसे आधी भरा.

धाकट्याची बायको, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, ती डॉक्टरच्या खोलीबाहेर ठिणगीला म्हणाली, दादा, तुमचा मोजा फिरतो ना, तो उद्या फिरवा. ठिणगीने मान डोलावली. तो घाबरला होता तो भावाच्या काळजीने, आणि आणखी एका कारणाने. ते कारण त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. घरातलं होतं नव्हतं ते विकून चौथा हिस्सासुद्धा जमत नव्हता. मोजा भरला तर हात. आणि काकांच्या तोंडून एक शब्द निघाला, तर अकरा वर्षं रिकामी मूठ घालणाऱ्याच्या भावासाठी कोण मूठ उघडणार?

शुक्रवारी दुपारी पाळीबदलाची घंटा व्हायला पाव तास होता. ठिणगी धाकट्याचा मोजा खुंटीवरून काढून आणायला गेला. परत येतो तर चक्कीपाशी गर्दी. किल्लीवाल्यांनी काकांना घेरलं होतं. पैलवान म्हणत होता, आज मोजा फिरणार आहे, आम्ही भरूच, धाकटा माझ्या टोळीचा पोरगा आहे. पण त्याआधी काकांनी एकदा सगळ्यांसमोर सांगावं, देतो कोण आणि नुसत्या मुठी कोण घालतो. शिडी की किल्ली. एकदाचा निकाल लागू दे.

काका म्हणाले, मला जाऊ दे, वाळू सुकतेय.

शिडीवाले धावले. कुणी कुणाला आधी ढकललं याला महत्त्व नाही, असल्या वेळी सगळे आधीच ढकललेले असतात. एकाच्या डोक्यात फावडं बसलं, फावड्याच्या पाठीने, पण रक्त धारेने आलं आणि डोळ्यांत उतरलं; तो आंधळ्यासारखे हात फिरवत आपल्याच माणसाला बुकलत राहिला. एकाने दुसऱ्याचा कान दातांत धरला. लोखंडी चौकटी कोसळल्या, साचे फुटले, अख्ख्या सकाळचं काम पायाखाली भुगा झालं. जी माणसं काल एका डब्यात जेवली होती ती एकमेकांच्या गळ्यात अंगठे रोवत होती. वाळूचा लोट उठला आणि त्यात कोण शिडी कोण किल्ली हे दिसेनासं झालं, पण म्हणून कुणी मारायचं थांबलं नाही.

पैलवानने काकांचं मनगट धरलं होतं. त्याच्या मागे साच्यातून नुकतंच फोडून काढलेलं कास्टिंग पडलं होतं. काळं. फाउंड्रीत नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी सांगतात, काळं दिसतं म्हणून गार समजू नकोस. पैलवानने काकांचा तळहात त्या लोखंडावर वीतभर अंतरावर धरला.

“सांगा, काका. कोण देतं?”

काकांनी मान हलवली.

अंतर चार बोटांवर आलं. काकांच्या हातावरचे पांढरे केस वळले आणि नाहीसे झाले. “सांगा ना. माझ्यासाठी नका सांगू, खऱ्यासाठी सांगा.” पैलवान जवळजवळ रडत होता. त्याच्या मनात आपण अन्याय दूर करतोय असंच होतं, आणि असं मनात असलेला माणूस सगळ्यात वाईट. मागून कुणाचा तरी धक्का लागला की त्यानेच दाबलं, पुढे कुणी खात्रीने सांगू शकलं नाही. तळहात टेकला. ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवल्यासारखा आवाज आला आणि मग वास आला.

काकांचं तोंड उघडलं.

ठिणगी तेव्हा दोन पावलांवर होता. काखेत धाकट्याचा मोजा, हातात साचे ठोकायचा लाकडी ठोकळा. तो पैलवानचं डोकं फोडायला धावला होता. सगळ्यांनी तसंच पाहिलं आणि तसंच मानलं. पण त्याच्यासमोर त्या क्षणी दोन तोंडं होती, एक पैलवानचं, एक काकांचं उघडलेलं. त्याला वाटलं, आता म्हातारा बोलणार. ठोकळा वर गेला होता तो पैलवानसाठी आणि खाली आला तो काकांच्या जबड्यावर.

लाकडाखाली हाड मोडतं तेव्हा फार आवाज होत नाही. काका वाळूच्या ढिगावर बसले, बसल्यासारखेच बसले, आणि तोंडातून रक्ताबरोबर तीन दात वाळूत पडले. पैलवानने त्यांचं मनगट सोडलं. मुकादमाने मुख्य स्विच खाली ओढला. चक्की थांबली, पंखे थांबले. त्या शांततेत पहिल्यांदा लोकांना स्वतःचे श्वास ऐकू आले, कुत्र्यांसारखे.

“माझ्यावर उचलला होतास,” पैलवान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “त्यांना लागला.”

ठोकळा ठिणगीच्या हातातून आपोआप गळला.

मुकादमाने गाडीला फोन केला. कुणी काकांच्या तळहातावर पाणी ओतलं, कुणी स्वतःचा शर्ट फाडून जबडा डोक्याशी बांधला. काका शुद्धीत होते. बोलता येत नव्हतं. तेवढ्यात पाळीबदलाची घंटा झाली, आणि काकांनी चांगला हात उचलून ठिणगीच्या काखेकडे बोट केलं. मोज्याकडे. मग रांगेकडे. कुणी हललं नाही तसं त्यांनी पुन्हा बोट केलं, यावेळी चिडून.

रांग लागली. कान फाटलेला, डोकं फुटलेला, ओठ सुजलेला, सगळे. पण मोजा धरणार कोण? नात्यातल्याने धरू नये असा रिवाज. बाकीचे एकेक पाऊल मागे सरले. तळहाताला काय कळतं हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि ते ओझं कुणालाच नको होतं. पाव तासापूर्वी जे जाणून घ्यायला म्हाताऱ्याला भाजलं, ते आता आयतं मिळत असताना एकही माई का लाल पुढे येईना. शेवटी पैलवान म्हणाला, “तू धर. तुझाच भाऊ आहे.”

ठिणगीने मोजा तळहातावर घेतला.

पहिल्या दहा मुठींतच त्याला समजलं की काका तीस वर्षं काय उचलत होते. मूठ आत येते, चामडं फुगतं, बोटं सुटतात, आणि तळहातावर काहीतरी टेकतं, पाखरू बसावं तसं. किंवा बोटं सुटत नाहीत. मूठ येते तशी जाते. त्याच्या घोषणेला सगळ्यात आधी जिंदाबाद म्हणणारा गडी आला, ठिणगीशी भावाभावासारखं वागणारा, आणि त्याची मूठ दगडासारखी आली, दगडासारखी गेली. डोकं फुटलेला किल्लीवाला आला, त्याने दोनदा हात घातला. एक शिडीवाला, ज्याच्या घरी तीन महिने भाडं थकलंय हे ठिणगीला माहीत होतं, त्याची बोटं उघडली आणि उघडीच राहिली, बराच वेळ, जणू आत काही राहिलं तर नाही ना ते चाचपत होती. किल्लीवाल्यांतलेही दोघं पोकळ गेले. शिडी, किल्ली, कुठलंच निशाण चामड्यातून कळत नव्हतं. त्या वर्तमानपत्रातल्या पाहणीवाल्याला इथे आणून दहा मिनिटं मोजा धरायला लावायला हवं होतं.

पैलवान आला. त्याच्या बोटांना काकांच्या कातडीचा वास अजून होता. ठिणगी मनात म्हणाला, रिकामी असू दे. देवा, याची तरी रिकामी असू दे. पैलवानची मूठ आत आली आणि उघडली. जड काहीतरी ठिणगीच्या तळहातावर पडलं, सगळ्या रांगेतलं सगळ्यात जड. ज्या हाताने म्हातारा भाजला त्याच हाताने. ठिणगीला वाटलं, आपल्याला कुणीतरी पाण्यात दाबून धरलंय.

मोज्याचं तोंड सुतळीने बांधलं. गच्च भरला होता. हात वाचणार होता. ठिणगीने तो काखेत दाबला आणि दाराकडे निघाला, तेवढ्यात मुकादम म्हणाला, आणि काकांचं काय?

काकांचा मोजा नव्हता. वाळूवाला उघड्या हाताने काम करतो. ज्याच्या हातून लागलं त्याचा मोजा फिरवा, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. ठिणगीचा ग्राइंडरवरचा मोजा आणला. धरायला पैलवान पुढे आला. कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा रिकामे झालेले खिसे लोकांनी पुन्हा उलटे केले. घरी जायच्या गाडीभाड्याचे पैसे गेले. एकाने मनगटावरचं घड्याळ मुठीत दाबलं, ते चामड्याबाहेरूनही दिसलं आणि सगळ्यांनी माना फिरवल्या. काका ढिगाला टेकून बघत होते.

ठिणगीची पाळी आली. काखेत भावाचा हात होता, म्हणजे मोजा. त्यातलं मूठभर काढावं? मूठभर कमी पडलं आणि उद्या डॉक्टर नाही म्हणाला तर? खिशात किडूकमिडूकही नव्हतं, सकाळीच दवाखान्यात दिलं होतं. आज त्याची मूठ खरोखर रिकामी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा खरी रिकामी. त्याने ती वळली आणि आत घातली, आणि पैलवानच्या तळहातावर नेऊन थांबवली.

पैलवानने वर पाहिलं. त्याला कळलं. म्हातारा भाजून जे काढायचं होतं ते त्याच्या तळहातावर आयतं येऊन बसलं होतं, शिडीवाल्यांच्या पुढाऱ्याची पोकळ मूठ. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्याने मान खाली घातली आणि पुढच्या माणसाची वाट पाहू लागला, अगदी काकांसारखा.

कुणी ओरडलं असतं तर ठिणगी उलट ओरडला असता. गप्प राहिलेल्या शत्रूचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हात बाहेर काढला आणि उलगडून सगळ्यांसमोर धरला.

“रिकामी आहे,” तो म्हणाला. “अकरा वर्षं रिकामीच होती. काकांना माहीत होतं. आणि तो घाव चुकला नव्हता. मी त्यांच्याच तोंडावर मारला. ते बोलतील म्हणून.”

पहिला ठोसा आला तो किल्लीवाल्याचा नव्हता. जो मघाशी दगडासारखी मूठ घालून गेला होता, तोच, जिंदाबादवाला, आरोळी देऊन धावून आला. देणाऱ्यांच्या आधी न देणारे मारतात. मग सगळे आले. ठिणगीने हात वर केले नाहीत, फक्त काख घट्ट दाबून ठेवली. नाकाचं हाड मोडलं ते त्याला ऐकू आलं. तो गुडघ्यावर आला, तेव्हा बुटांच्या लाथा सुरू झाल्या, लोखंडी टोकाच्या बुटांच्या, बरगड्यांत, पाठीत, मांड्यांत. तो वाळूत तोंड खुपसून मोज्यावर पालथा पडला. कुणीतरी म्हणत होतं, काढून घ्या तो मोजा, याच्या घरात आमचा पैसा नको. ते ऐकल्यावर मात्र तो ओरडला. शब्द नव्हते त्यात.

पैलवानने लोकांना बाजूला फेकलं. एकेकाला गळपटीला धरून, पोत्यासारखं. मग वाकून त्याने ठिणगीला उताणं केलं आणि काखेतून मोजा ओढून काढला. ठिणगीची बोटं त्यात अडकली होती, ती त्याने एकेक करून सोडवली.

“हा धाकट्याचा आहे,” पैलवान सगळ्यांना म्हणाला, “याचा नाही.” आणि तो मुकादमाच्या हातात दिला. “दवाखान्यात नेऊन दे. त्याच्या बायकोच्या हातात. याच्या नको.”

काकांना गाडीत चढवलं तेव्हा ठिणगी वाळूत बसला होता. काकांनी गाडीतून त्याच्याकडे पाहिलं, नेहमीसारखंच. क्षणभर, आणि मग पुढे.

शनिवारी सकाळी तो दवाखान्यात पोहोचला. चालत. एका डोळ्याने दिसत नव्हतं. जिन्यात दोनदा बसावं लागलं. ऑपरेशन झालं होतं, असं त्याला खालच्या खिडकीवरच्या बाईने सांगितलं. हात राहिलाय, बोटं किती हलतील ते पुढचं पुढे.

वरच्या व्हरांड्यात धाकटी उभी होती. समोरच्या बाकावर काका बसले होते, जबड्याला तारा, हाताला बँडेजचा गोळा. त्यांच्यासाठी ती पेल्यात नळी घालून काहीतरी घेऊन आली होती. ठिणगीला बघून तिने पेला काकांच्या शेजारी ठेवला.

ती लग्न होऊन आल्यापासून त्याच्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती.

“मुकादम म्हणाले ते खरं?”

“खरं.”

तिने त्याच्या थोबाडीत मारली. सुजलेल्या बाजूला, सगळा जोर लावून. तो भिंतीवर गेला आणि तिथेच राहिला. कॉटवर कण्हणारी माणसं उठून दारातून माना काढून बघू लागली. काका उठायला गेले आणि परत बसले.

ठिणगी म्हणाला की तो कंपनीवर दावा लावेल. साखळी जुनी होती, त्याने लेखी तक्रार केली होती, त्याची नक्कल घरी आहे. शेवटच्या दिडकीपर्यंत वसूल करेन, वर्ष लागो की दोन. तुटलेल्या नाकाने बोलत होता, अर्धे शब्द रक्ताचे. आणि हे तो खरं बोलत होता, हे तिलाही कळत होतं.

“लावा,” ती म्हणाली. “तुम्हाला येतं ते नीट करा. उद्यापासूनच लावा. पण काकांच्या जबड्याचाही लावा.”

“तो तर मीच—”

“हो. स्वतःवर लावा.”

आतून कॉट करकरली आणि धाकट्याचा आवाज आला, औषधाच्या गुंगीतला, लहानपणी तापात यायचा तसा.

“दादा आलाय का गं?”

धाकटीने ठिणगीकडे पाहिलं. तो भिंतीवरून सरळ झाला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसू लागला, भावाने बघू नये म्हणून. जितकं पुसावं तितकं ते पसरत होतं.

“नाही,” ती आत बघत म्हणाली. “कुणी नाही आलं. झोप तू.”

आणि तिने दार लोटलं.